फ्रिजमधली अर्धी बाटली

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. पत्राचा गोषवारा असा:

‘मुलगा चार वर्षांचा आहे. जूनमध्ये बालवाडीत जायला लागला आणि तेव्हापासून हे चौथं आजारपण. सर्दी, खोकला, ताप, दर वेळी तेच. आधी आम्ही स्टँडजवळच्या डॉक्टरांकडे जायचो. ते पहिल्याच दिवशी अँटिबायोटिकचं सिरप द्यायचे, कधी इंजेक्शनही. आता तालुक्याला बालरोगतज्ज्ञ बाई आल्या आहेत. त्या नीट तपासतात, पण “व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको” म्हणून पॅरासिटॅमॉल आणि नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब देऊन घरी पाठवतात. सासूबाई म्हणतात, नुसतं बघायचे पैसे घेतात. या वेळी चौथ्या रात्रीही ताप होता. मिस्टर मालाची गाडी घेऊन बाहेरगावी गेलेले. फ्रिजमध्ये ऑगस्टमधल्या आजारपणातली अँटिबायोटिकची अर्धी बाटली होती. कोणाला न सांगता त्यातला एक चमचा रात्री आणि एक सकाळी दिला. दुपारी ताप उतरला. आता मला कळेना, मी चूक केली की बरोबर. औषध लागू पडलं म्हणजे डॉक्टरबाईंचं चुकलं का? व्हायरस काय आणि बॅक्टेरिया काय, दोन्ही जंतूच ना? मग एकाला औषध चालतं आणि दुसऱ्याला नाही, हे कसं? सासूबाईंना काय सांगू? डॉक्टर बदलू का? घरची डाळिंबाची बाग आहे, सगळे तिकडेच असतात. दुखणं-खुपणं मलाच निस्तरावं लागतं.’

प्रिय मैत्रिणी,

आधी दोन कबुल्या देते. एक म्हणजे मी डॉक्टर नाही. तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, एवढाच माझा या विषयाशी संबंध. तुमच्या मुलाला नक्की काय झालं होतं, हे पत्रावरून सांगायचा आगाऊपणा मी करणार नाही. जंतूंबद्दल विचारलंत, ते सांगेन. दुसरी कबुली जरा अवघड आहे. माझी मुलगी पाच वर्षांची असताना सकाळच्या तासाला मी ‘अँटिबायोटिकचा गैरवापर’ या विषयावर फळा भरून आले, आणि संध्याकाळी डॉक्टरांसमोर बसून म्हटलं, ‘काहीतरी स्ट्राँग द्या हो, उद्या माझं सुपरव्हिजन आहे.’ त्यांनी दिलं. तेव्हा तापलेल्या पोराच्या उशाशी एकटीनं जागून तुम्ही जे केलंत, त्याबद्दल तुम्हाला झापायला मी बसलेली नाही.

तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न म्हणजे ‘दोन्ही जंतूच ना?’ सगळा घोळ या ‘जंतू’ शब्दापाशी आहे. आणि तुमच्या घरी डाळिंबाची बाग आहे म्हटल्यावर माझं निम्मं काम सोपं झालं.

सासऱ्यांना विचारा, बागेत तेल्या आला की काय करता? पानावर, फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं, आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. ते सांगतील की छाटणी करायची, रोगट फळं-पानं गोळा करून जाळायची, आणि फवारणीत वर्षानुवर्षं चालत आलेली स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन असतं. दोन्ही अँटिबायोटिकच, माणसांना देतात त्याच घराण्यातली. आता दुसरा प्रश्न विचारा. बांधावरच्या मिरचीवर बोकड्या आला तर? पानं मुरडतात, झाड खुरटं राहतं, फुलं धरत नाहीत. तिथे मात्र कोणी स्ट्रेप्टोसायक्लीन मारत नाही. झाड उपटून पुरायचं आणि फवारणी करायची ती पांढऱ्या माशीवर, कारण तो रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तीच नेते. खुद्द रोगावर फवारायला काही नाही. कृषी सहायकानं हे सांगितलं तर घरात कोणी म्हणत नाही की ‘नुसतं बघून गेला’.

तेल्या जिवाणूमुळे होतो आणि बोकड्या विषाणूमुळे. बॅक्टेरिया आणि व्हायरस म्हणजे हेच.

आता जिवाणू म्हणजे काय ते घरातच बघा. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालता आणि सकाळी दही लागलेलं असतं. त्या चमच्यातल्या जिवाणूंनी रात्रभर दुधातली साखर खाल्ली, आम्ल सोडलं, आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत भांडं भरून टाकलं. जिवाणू एका पेशीचा का होईना, पण पुरा संसार थाटलेला जीव आहे. त्याला स्वतःची भिंत आहे, स्वतःची चूल आहे, प्रथिनं घडवायचा स्वतःचा कारखाना आहे. खायला मिळालं की तो कोणाच्याही मदतीशिवाय वाढतो. काही जाती तर परिस्थिती चांगली असली की वीस मिनिटांत दुप्पट होतात. आणि सगळेच वाईट नसतात. हरभऱ्याच्या बियाण्याला पेरणीआधी रायझोबियम चोळता ना, तेही जिवाणूच. तुमच्या मुलाच्या पोटात आत्ता कोट्यवधी जिवाणू नांदत असतील आणि त्यातले बरेचसे त्याच्या भल्याचे.

त्याच दुधात विषाणू टाकून ठेवले तर सकाळी काय होईल? काहीही नाही. दूध तसंच राहील आणि विषाणूही तितकेच राहतील, कदाचित थोडे कमीच. विषाणूला तोंड नाही, पोट नाही, चूल नाही. एक पाकीट आणि पाकिटात एक चिठ्ठी, एवढाच त्याचा ऐवज. चिठ्ठी म्हणजे डीएनए किंवा आरएनए, पाकीट प्रथिनांचं, आणि काहींना त्यावर चरबीचा पातळ पापुद्रा. चिठ्ठीवर मजकूर एकच: माझ्यासारखे आणखी बनव. जोवर हे पाकीट एखाद्या जिवंत पेशीत शिरत नाही तोवर ते नुसतं पडून राहतं. शिरलं, की पेशीचा कारखाना ती चिठ्ठी वाचतो आणि स्वतःचं काम सोडून विषाणू बनवत बसतो. म्हणूनच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (१९५२ मध्ये ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली) विषाणू वाढवायचा तर जिवंत पेशी पोसाव्या लागतात. जिवाणूला मांसाच्या रसावर वाढवता येतं, विषाणूला नाही.

आकाराचाही अंदाज देते. आतड्यातला एखादा जिवाणू मोठा करून डाळिंबाएवढा केला, तर त्याच मापानं करोनाचा विषाणू ज्वारीच्या दाण्याएवढा होईल आणि पोलिओचा खसखशीएवढा. विषाणूचा शोधही या बारीकपणामुळेच लागला. १८९२ मध्ये रशियात इवानोव्स्कीनं रोगट तंबाखूच्या पानांचा रस अशा चिनी मातीच्या गाळणीतून गाळला की ज्यात जिवाणू अडकलाच पाहिजे. गाळलेला स्वच्छ रस निरोगी रोपाला लावला, तर तेही आजारी पडलं. म्हणजे जिवाणूपेक्षा लहान असं काहीतरी त्या गाळणीतून निसटत होतं. पुढे १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकनं त्याच्यासाठी ‘व्हायरस’ हा शब्द वापरला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विष. आणि १९३५ मध्ये अमेरिकेत स्टॅन्लीनं याच तंबाखूच्या विषाणूचे साखरेसारखे स्फटिक करून दाखवले. बाटलीत ठेवा, पाण्यात विरघळवून पानाला लावा, रोग तयार. साखर कधी जिवंत असते का? त्यावर अजूनही वाद घालतात. मराठीत ज्यानं कोणी हे दोन शब्द घडवले त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते: एकात जीव आहे, दुसऱ्यात विष. दोघांच्या शेवटी ‘णू’ आला आणि पोरं परीक्षेत गोंधळ घालू लागली, ती गोष्ट वेगळी.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. अँटिबायोटिक एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला का नाही? पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं (तुमच्या बाटलीत बहुधा त्यातलंच एखादं असेल) जिवाणूला भिंत बांधू देत नाहीत. भिंत कच्ची राहिली की जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना तसली भिंतच नसते, म्हणून आपण वाचतो. स्ट्रेप्टोमायसिन, अझिथ्रोमायसिन ही जिवाणूचा प्रथिनांचा कारखाना बंद पाडतात. आपला कारखाना वेगळ्या घडणीचा, म्हणून तो चालू राहतो. आता विषाणू बघा. भिंत नाही, कारखानाही नाही, जो वापरतो तो आपलाच. मग औषधानं पाडायचं काय? ‘स्ट्राँग’ आणि ‘साधं’ असा हा प्रश्नच नाही. जगातलं सगळ्यात महाग अँटिबायोटिक सर्दीच्या विषाणूपुढे पाण्याइतकंच.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. विषाणू जिवाणूंनाही गाठतात. कॉलेजात आमची मुलं नाल्याचं पाणी बाटलीत भरून आणायची, नाक दाबून. ते बारीक गाळणीतून गाळायचं, जिवाणूंत मिसळायचं आणि काचेच्या बशीत पसरायचं. दुसऱ्या दिवशी बशीभर जिवाणूंची दुधाळ साय धरलेली असायची आणि त्या सायीत मध्येच टाचणीनं टोचल्यासारखी स्वच्छ गोल भोकं. प्रत्येक भोक म्हणजे विषाणूंनी केलेला जिवाणूंचा फडशा. दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, ‘मॅडम, यांनापण ताप येतो का?’ मोठ्या डेअऱ्यांत कधीकधी विरजण लागतच नाही, हजारो लिटर दूध तसंच्या तसं, तेही बऱ्याचदा यांच्याच कृपेनं. विरजणाला व्हायरल झालं, म्हणा.

मग तुमच्या मुलाचा ताप उतरला कसा? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असं मला वाटतं. लहान मुलांचा साधा विषाणूजन्य ताप बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो. आपला धीर कधी सुटतो? तिसऱ्या-चौथ्या रात्री. म्हणजे औषध आपण देतो तेच मुळी ताप जायच्या बेताला, आणि श्रेय औषधाला मिळतं. शिवाय ती बाटली ऑगस्टमधली. पावडरीत उकळून गार केलेलं पाणी मिसळलं की त्या सिरपचं आयुष्य मोजून सात दिवस, काहींचं दहा किंवा चौदा. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुम्ही दिलेल्या दोन चमच्यांत औषध कितपत उरलं होतं, देव जाणे.

दोन चमच्यांनी आभाळ कोसळलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. पण तोटे समजून घ्या. अर्धवट डोसनं पोटातले गरीब बिचारे जिवाणू मरतात, जुलाब होऊ शकतात, आणि जे चिवट असतात ते मागे उरतात. तेल्यावर वर्षानुवर्षं एकच औषध फवारलं की ते चालेनासं होतं, हे बागायतदाराला मी सांगायला नको. माणसांतही तेच झालं आहे: औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं दगावली असा अंदाज आहे. आणि तिसरा तोटा थेट तुमच्या मुलाचा. समजा तो टायफॉइड असता. (विषमज्वर म्हणतात त्याला, पण आहे जिवाणूचा.) रक्ताच्या तपासणीत तो जिवाणू वाढवून बघतात. आधीच दोन चमचे पोटात गेले असतील तर तो तपासणीत न सापडण्याची शक्यता वाढते, आणि डॉक्टर अंधारात चाचपडत बसतात.

तुमच्या पत्रात दोन समजुती दडलेल्या आहेत, त्यांना जरा हात घालते. एक म्हणजे ‘व्हायरल’ म्हणजे किरकोळ. डॉक्टरही हा शब्द इतक्या सहज टाकतात की तसं वाटणारच. पण रेबीज विषाणूचा आहे आणि त्याची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. डेंगी विषाणूचा. गोवर, पोलिओ, करोना, सगळे विषाणूचे. व्हायरल या शब्दातून फक्त जंतूची जात कळते, आजार किती गंभीर ते कळत नाही. त्याच्या उलट, विषाणूंवर औषधच नाही असंही नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूनं पुणं हादरलं तेव्हा टॅमिफ्लूचं नाव घराघरात पोचलं, ते विषाणूवरचंच औषध. नागिणीवर असायक्लोव्हिर देतात, आणि पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर उत्तम. नागीण म्हणजे तरी काय? लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो आणि म्हातारपणी डोकं वर काढतो. नागिणीची तोंडं जुळली की माणूस जातो, ही भीती तेवढी कोणी बाळगू नये. फक्त अशी औषधं एकेका विषाणूपुरती असतात. सर्दीचे तर शंभराहून जास्त प्रकार एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच आहेत.

दुसरी समजूत अशी की पोरगं सारखं आजारी पडतं म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. बालवाडीत पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं सर्वसाधारण मानतात. त्यातल्या बऱ्याचशा पावसाळ्यात आणि थंडीत एकामागोमाग येतात, म्हणून आईला वाटतं की हा बराच होत नाही. मधल्या दिवसांत तो खेळतो, खातो, वजन वाढतं, एवढं असलं तर माझ्या मते काळजी थोडी बाजूला ठेवा. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणूनही घाबरू नका. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका द्रव्याचा असतो, आणि साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसा होतो. मागे राहिलेला खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

पण डॉक्टरांना नेहमी नक्की कळतं का? नाही, आणि हे मोकळेपणी मान्य केलं पाहिजे. मिरचीची पानं बोकड्यानं मुरडतात तशी फुलकिड्यांनी आणि कोळ्यांनीही मुरडतात, अनुभवी माणूसही पान उलटून बघितल्याशिवाय बोलत नाही. घसा लाल होतो तो बहुतेक वेळा विषाणूनं, पण काही मुलांत तो स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूनं होतो, आणि तिथे अँटिबायोटिक दिलंच पाहिजे, नाहीतर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. न्यूमोनिया दोघांचाही होतो. रक्ताच्या तपासण्या मदत करतात, पण शंभर टक्के निवाडा त्याही देत नाहीत. मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा इथे फसले आहेत. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत आली तेव्हा अनेकांची खात्री होती की तो एका जिवाणूचा रोग आहे. खरा विषाणू माणसातून वेगळा काढता आला १९३३ मध्ये. त्या बिचाऱ्या जिवाणूला मात्र चुकून मिळालेलं ‘इन्फ्लुएंझा’ हे आडनाव कायमचं चिकटलं. तुमच्या मुलाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचा असताना पेंटाव्हॅलंट लस दिली असेल, तिच्यातला ‘हिब’ (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) तो हाच.

त्या १९१८ च्या साथीतून एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. त्यात गेलेली बरीच माणसं इन्फ्लुएंझाच्या विषाणूनं पोखरलेल्या फुप्फुसात मागाहून जिवाणू शिरल्यानं गेली. आधी विषाणू, मग जिवाणू. म्हणून ताप एकदा उतरून, पोरगं खेळायला लागून, दोन दिवसांनी पुन्हा जोरात चढला तर ती नवी गोष्ट समजायची आणि त्याच दिवशी दाखवायचं. तेव्हा अँटिबायोटिक लागेलही.

म्हणजे बाईंनी तुम्हाला ‘नको’ म्हटलं त्याचा अर्थ ‘कधीच नको’ असा नव्हता, ‘आज नको’ असा होता. तो त्यांनी नीट उलगडून सांगितला नाही, ही मात्र मी त्यांची चूक धरते. पुढच्या वेळी तुम्हीच विचारा: किती दिवस वाट बघू? कोणती लक्षणं दिसली तर रात्री-अपरात्री निघू? आणि पुन्हा कधी दाखवायला आणू? वाट बघणं हाही उपचारच आहे, पण त्याला तारीख हवी. कॅलेंडरवर ताप सुरू झाला त्या चौकोनात खूण करा. ‘चार-पाच दिवस झाले असतील’ आणि ‘आज चौथा दिवस’ यात डॉक्टरांच्या दृष्टीनं फार फरक असतो. ताप तीन दिवसांपलीकडे गेला की एकदा फेरतपासणी करून घ्यायचीच. चौथ्या रात्री तुम्ही बाटलीकडे गेलात, त्याऐवजी चौथ्या सकाळी बाईंकडे जायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं.

श्वास मोजायला शिका, हे मी प्रत्येक आईला सांगते. मूल शांत असताना किंवा झोपेत, सदरा वर करून, घड्याळ लावून पुरा एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. तसंच पोर मलूल होऊन उठवलं तरी उठत नसेल, झटका आला, सात-आठ तास लघवी झाली नाही, पाणीही पोटात ठरत नाही, तर निघायचं. डेंगीच्या दिवसांत ताप उतरतानाच जास्त लक्ष ठेवा: पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त. आणि तापाला पॅरासिटॅमॉल सोडून दुसरं काही मनानं देऊ नका. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना मुळीच नाही. पॅरासिटॅमॉलही मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेवढंच.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा इंजेक्शनवरचा विश्वास आंधळा नाही, पाहिलेला आहे. त्यांच्या आई-आजीच्या काळात घटसर्पानं, विषमज्वरानं, बाळंतरोगानं घरंच्या घरं रिकामी होत. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तो प्लेग जिवाणूचा, आणि तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. आज त्याच प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन चालतं, तुमच्या तेल्याच्या पुडीतलंच. ते सापडलं १९४३ मध्ये. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि ही औषधं इथे बनू लागली. मरायला टेकलेलं माणूस एका सुईनं उठून बसलेलं ज्या पिढीनं पाहिलं, ती पिढी सुईला देव मानणारच. स्टँडजवळच्या डॉक्टरांनाही मी खलनायक करणार नाही. त्यांच्यापुढे बसलेल्या मजुराला परवा परत यायला सवड नसते, म्हणून ते आजच सगळं देऊन टाकतात. ते बरोबर नाही, पण का घडतं ते कळतं.

तेव्हा पुढच्या खेपेला सासूबाईंनाच दवाखान्यात बरोबर न्या. बाईंना त्यांच्यासमोर बोलू द्या. घरी आल्यावर श्वास मोजायचं काम त्यांच्याकडे द्या, वाट बघताना हाताला काम असलं की जीव कमी घाबरा होतो. आणि तेल्या-बोकड्याचा विषय तुम्ही काढू नका, सासऱ्यांना काढू द्या.

डॉक्टर बदलायचं म्हणाल तर मी बदलणार नाही. तपासायचे पैसे हे बघण्याचेच असतात, तीच त्यांची विद्या. बाटली तर शंभर रुपयांत कोणीही देतो, आणि द्यायला नको असताना देतो. पट्टीवर उभी लाल रेघ असलेलं कुठलंही औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका, दुकानदार ओळखीचा असला तरी. मुलाचं लसीकरण कार्ड मात्र बाईंकडे घेऊन जा. गोवर-रुबेला, पोलिओ, रोटा या लसी विषाणूंवरच्या. बीसीजी, पेंटाव्हॅलंटमधला बराचसा भाग, न्यूमोकोकल या जिवाणूंवरच्या. लसीला दोघांतला फरक आडवा येत नाही. काही राहिलं असेल तर भरून घ्या आणि फ्लूच्या लसीबद्दलही विचारा. हात साबणानंच धुवा. चरबीचा पापुद्रा असलेला विषाणू साबणानं विरघळतो आणि पापुद्रा नसलेला निदान वाहून तरी जातो. त्या दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरससारख्यांवर, बाटलीतलं सॅनिटायझर तितकं चालत नाही.

बाटली आजच टाका. मोरीत ओतू नका, ते पाणी पुढे कुठेतरी जिवाणूंनाच भेटतं. चोथा झालेल्या चहापत्तीत किंवा मातीत मिसळा, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या. टाकण्याआधी बाटलीवरच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या भेटीत तो बाईंना दाखवा आणि सांगा की चौथ्या रात्री एक चमचा आणि पाचव्या सकाळी एक. त्या रागावतील कदाचित. पण फायलीत लिहून घेतील, आणि मुलाला पुन्हा ताप आला की ती ओळ त्यांना लागेल.